अपघात माझ्या नावावर

गाडीची शिकवणी चालू असताना मी फोन घेत नाही. पण त्या दिवशी तो तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाईंना गाडी कडेला घ्यायला लावली, हँडब्रेक ओढला आणि मगच उचलला. "मॅडम, आता हात कसा आहे?" पलीकडच्या माणसाने विचारलं. आवाज अगदी ओळखीतला, शेजारून वाटीभर साखर मागायला आल्यासारखा. मी माझ्या दोन्ही हातांकडे पाहिलं. ते जागच्या जागी होते. "कोण बोलतंय?" म्हटलं. "विमा कंपनीचा सर्व्हेअर. गॅरेजात जाऊन तुमच्या गाडीचे फोटो काढून आलो. साहेब म्हणाले, मॅडम फार घाबरल्यात, मनगटही मुरगळलंय, एवढ्यात त्रास देऊ नका. म्हणून आठ दिवस थांबलो. आता तुमचा जबाब तेवढा राहिलाय. अपघात झाला तेव्हा गाडी तुम्हीच चालवत होता ना?" मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. "उद्या ऑफिसात येते," एवढंच म्हटलं. डॉक्टरीणबाई गाडी मागे घेताना चाक असं धरतात, की आता ते मुळासकट उपटून हातात येणार. तशाच दोन्ही हातांनी चाक धरून त्या माझ्याकडे बघत होत्या. "वाईट बातमी का हो?" "काही नाही," मी म्हटलं, "माझा अपघात झालाय." त्या हसल्या, आणि मग हसायच्या थांबल्या. पुढचा पाऊण तास त्यांनी इतकी सांभाळून गाडी चालवली की मला एकदाही तोंड उघडावं लागलं नाही. शेजारचा माणूस घाबरलेला असला की शिकणारा आपोआप शहाणा होतो, हे एकोणीस वर्षांत मला कळलं नव्हतं.

एकोणीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवते. मला कोणी शिकवली नाही. वडील वर्तमानपत्रांचे गठ्ठे टेम्पोने पोचवायचे, आणि मी शाळेच्या आधी त्यांच्या शेजारी बसून त्यांचे पाय बघायचे. इतर मुली आरशात बघून मोठ्या झाल्या, मी पेडलकडे बघून झाले. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मला माघारी 'क्लचबाई' म्हणतात आणि समोर 'मॅडम'. दोन्ही नावं मला चालतात. माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो, आणि त्या ब्रेकने मला कायमचं बिघडवलंय. नाटक बघताना, दुसऱ्याच्या गाडीत, एवढंच काय, बहिणीच्या सासूबाई जरा वेगाने बोलायला लागल्या तरी माझा उजवा पाय जमिनीत रुततो. पण एकोणीस वर्षांत माझ्या नावावर एक ओरखडा नाही. ही फुशारकी नाही, ती माझ्या पोटापाण्याची अट आहे. शिकवणाऱ्याच्या दाखल्यावर अपघाताची नोंद झाली की लायसन्स ऑफिस तो दाखला काढून घेतं. पुन्हा मिळेपर्यंत दोन वर्षं जातात, आणि दोन वर्षांनी क्लचबाईला कोण विचारतो? दरवर्षी दाखला नवा होऊन आला की आमचे मोठे सर, म्हणजे स्कूलचे मालक, तो हातात देताना म्हणतात, "घ्या, कोरी पाटी." त्या एवढ्याशा वाक्यावर मी वर्ष काढते.

घरी गेले तेव्हा नवरा उद्याचा शर्ट इस्त्री करत होता. तो हे काम स्वतः करतो, फार मन लावून करतो, आणि माझ्या मैत्रिणींना त्याचा हेवा वाटतो. मी पर्स टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "विमा कंपनीचा फोन होता. माझ्या हाताची चौकशी करत होते." त्याने कॉलर पूर्ण केली. उलटी करून आतल्या बाजूनेही केली. मग इस्त्री उभी ठेवली आणि म्हणाला, "मी सांगणारच होतो." माझा नवरा पाणीपुरवठा ऑफिसात पत्रांचे मसुदे लिहितो. नळ का आला नाही याची शंभर कारणं तो शंभर प्रकारे लिहू शकतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं की चूक आपल्याच तहानेची. तो बोलायला लागला की वाक्यं आधीच कुठेतरी नीट लिहून ठेवल्यासारखी येतात. त्या दिवशी मात्र तो अडखळत होता, आणि मला वेडीला त्यातल्या त्यात त्याचंच बरं वाटलं.

तर झालं होतं असं. पोस्टाच्या कोपऱ्यावर वळताना त्याने एका माणसाला उडवलं. माणूस घड्याळं दुरुस्त करणारा, सायकलवर होता. गळ्याजवळचं हाड मोडलं आणि उजवा हात. गाडी पुढे जाऊन दिव्याच्या खांबावर आदळली. यानेच त्याला उचलून रिक्षाने दवाखान्यात नेलं, चौकीत पोलिसांनी फक्त गाडीचा नंबर लिहून घेतला. मला सांगितलं ते एवढंच, की गिअरबॉक्स कुरकुरतोय म्हणून गाडी गॅरेजात टाकलीय. मी दिवसभर स्कूलच्या गाडीत असते, आमची गाडी दारात आहे की नाही हे मी भाजीच्या दिवशीच बघते. मी म्हटलं, "मग माझं नाव कशाला?" "माझं लायसन्स संपलंय." "कधी?" "झाली दोनेक वर्षं." मी खुर्चीवर बसले. चाळीस-पन्नास जुन्या विद्यार्थ्यांना मी स्वतःहून फोन करते, लायसन्सची तारीख आली बरं का म्हणून. घरातल्या माणसाला फोन करायचा राहिला. "ऐक ना," तो म्हणाला, "पूर्ण ऐक. लायसन्स नसलेला माणूस चालवत होता असं लिहिलं, तर कंपनी हात वर करणार. तुझं सगळं व्यवस्थित आहे. गाडी तुझ्या नावावर, लायसन्स चालू, रेकॉर्ड स्वच्छ. तुझ्या नावाने गेलं की त्या बिचाऱ्यालाही लगेच मिळेल. एका सहीचं काम आहे." "आणि माझा दाखला?" "दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. तेवढाच तुला आराम." हे म्हणताना त्याच्या आवाजात खरोखरची काळजी होती, हे मी लपवत नाही. मी दमते असं त्याला पूर्वीपासून वाटतं.

गाडी त्याने माझ्या नावावर घेतली तेव्हा मी शोरूममध्ये रडले होते. विक्रेत्याने घाईघाईने पाण्याचा ग्लास आणला होता. त्याला वाटलं किंमत ऐकून. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नावावर काहीतरी होत होतं, आणि तेही चार चाकांचं. त्याने भावाला, बहिणीला, ऑफिसातल्या शिपायाला सांगितलं, बायकोच्या नावावर घेतली. त्याच्याही आधी, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, मी त्याला गाडी शिकवली होती. गोदामामागच्या मोकळ्या मैदानावर, सकाळी सहाला. एरवी मी त्याला अहो-जाहो करायचे, पण गाडीत 'तू' म्हणायची मुभा होती, कारण 'अहो, ब्रेक दाबा' म्हणेपर्यंत भिंत येते. "अरे दाब, दाब ना, दाब." गाडीतून उतरलो की पुन्हा अहो. मग एक दिवस उतरल्यावरही 'तू' राहिलं, आणि दोघांनीही ते मुद्दाम ऐकलं नाही. मला वाटतं लग्न आमचं त्या दिवशी झालं. आपल्याला कोणी शिकवलं हे तो पुढे लोकांना सांगायचा नाही, 'हात बसला हळूहळू' म्हणायचा. मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. म्हणजे वाटलं नव्हतं असं मला वाटत होतं. त्या संध्याकाळी इस्त्रीच्या गरम वासात बसल्यावर कळलं, की वाटलेलं सगळं नीट घडी घालून कुठेतरी ठेवलेलं होतं.

त्याने कपाटातून जबाबाची प्रत काढून दिली. "वाचून घे, म्हणजे उद्या बोलण्यात फरक पडणार नाही." त्याचं अक्षर फार सुंदर आहे. त्या सुंदर अक्षरात मी गाडी चालवत होते. मी वळण घेतलं, समोर अचानक सायकलस्वार आल्याने मी भांबावले, आणि गोंधळून माझ्याकडून ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला. ते वाक्य मी तीन वेळा वाचलं. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर. पहिल्या दिवशी आलेला, पायात सैल चप्पल घातलेला, घरून भांडून आलेला विद्यार्थीसुद्धा माझ्या गाडीत ही चूक दुसऱ्यांदा करत नाही. "असं झालं होतं?" मी विचारलं. "तू ब्रेक सोडून ते दाबलंस?" "नाही गं. मी फोनकडे बघत होतो, एक सेकंद. पण ते कसं लिहिणार?" "मग हे का लिहिलं?" तो मसुदा लिहिणाऱ्या माणसाच्या साध्या प्रामाणिकपणाने म्हणाला, "बायकांच्या बाबतीत हे लोकांना पटतं." मी कागद खाली ठेवला. मला ओरडता आलं असतं. त्याऐवजी मी उठून इस्त्रीचं बटण बंद केलं. ते चालूच राहिलं होतं.

सकाळी स्कूलमध्ये अर्धा दिवस सुट्टी सांगून मी घड्याळवाल्याकडे गेले. पत्ता त्या कागदावरच होता. का गेले ते नक्की सांगता येणार नाही. सही करायची तर आपण कोणाला उडवलंय ते एकदा बघावं असं असेल, किंवा सही करायची नाही तर कोणाचे पैसे अडवतोय ते बघावं असं. दोन जिने चढताना मी दोन्ही तऱ्हांची वाक्यं जुळवत होते. दार त्याच्या बायकोने उघडलं. मी गाडीचा नंबर सांगितला तशी ती बाजूला झाली आणि आत बघून म्हणाली, "त्या आल्यात." एका खोलीचं घर, भिंतीवर एकही घड्याळ नाही, आणि खिडकीशी खुर्चीत तो, गळ्यापासून बोटांपर्यंत प्लास्टर. डाव्या हाताने तो एका छोट्या पट्टीवर बारीक स्क्रू ओळीने लावायची सवय करत होता, आणि स्क्रू घरंगळत होते. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तोच घाईने म्हणाला, "बसा बाई, बसा. मनाला लावून घेऊ नका. तुमचा काही दोष नव्हता. माझीच सायकल आडवी आली." त्याने ते पाठ केलेल्या कवितेसारखं म्हटलं. त्याच्या बायकोने माझ्यासमोर पाणी ठेवलं आणि जमिनीकडे बघत उभी राहिली. "साहेब फार चांगले आहेत," तो पुढे म्हणाला. "दोनदा येऊन गेले. म्हणाले, बाईंना अपराधी वाटतंय, म्हणून त्या येत नाहीत. एकच विचारायचं होतं. कंपनीचा माणूस आला आणि बाईंनी कुठल्या रंगाचे कपडे घातले होते विचारलं, तर काय सांगू? साहेबांना विचारायचं राहिलं."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. ज्याला धडक बसली त्याला, त्याच्या बायकोला, गॅरेजवाल्याला. मी एकटीच माझ्या अपघाताला हजर नव्हते. तो माणूस वर बघत होता, उत्तराची वाट बघत, आणि त्याच्या नजरेत लबाडी नव्हती. नीट काम करणाऱ्या माणसाला एखादा भाग बसत नसला की जी चुटपुट लागते, ती होती. माझ्या तोंडून निघालं, "राखाडी." "राखाडी," तो म्हणाला आणि मान हलवली. त्याची बायको तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाली, "लवकर होईल ना हो? डाव्या हाताने त्यांना जमत नाही." मी पाणी पिऊन उठले. जिना उतरताना लक्षात आलं. राखाडी हा शब्द मी स्वतःच्या मनाने दिला होता, मला कोणी सांगितलेला नव्हता. खोट्याला रंग मी दिला. आणि गंमत बघा, क्षणभर मला ती बाई दिसलीसुद्धा, राखाडी कपड्यातली, पोस्टाच्या कोपऱ्यावर वळण घेणारी, पाय चुकणारी. मला तिची कीव आली. तिला मी सुरुवातीपासून शिकवलं असतं.

विमा कंपनीच्या ऑफिसात नवरा आधीच येऊन बाहेरच्या बाकावर बसला होता, इस्त्रीच्या शर्टात. "थांबतो मी इथे," म्हणाला, "आत तुझी एकटीचीच सही लागेल." सर्व्हेअर अर्धा डबा खाऊन झाकण लावत होता. चष्मा कपाळावर, टेबलावर फुटलेल्या दिव्यांचे, चेपलेल्या दारांचे फोटो पत्त्यांसारखे पसरलेले. त्याने त्यातला आमच्या गाडीचा फोटो उचलून मला दाखवला. गाडीचं तोंड खांबाभोवती असं वळलं होतं, की जणू ती खांबाला काही सांगतेय. "बसा मॅडम. साहेबांनी लिहून दिलंय ते बघितलंच असेल. वाचा आणि खाली सही." मी म्हटलं, "समजा, चालवणारा दुसरा कोणी होता, लायसन्स संपलेला. मग?" त्याने चष्मा डोळ्यांवर आणला. माझ्याकडे नीट पाहिलं, मग दाराच्या काचेतून बाकावरच्या शर्टाकडे. "समजा म्हणता, तर समजा सांगतो," तो म्हणाला. "गाडीच्या दुरुस्तीचं काही मिळणार नाही. जखमी माणसाला कंपनी देईल, पण वेळ लागेल, आणि दिलेलं सगळं गाडीच्या मालकाकडून वसूल करेल. मालक तुम्ही आहात. आणि हे असं ठेवलंत, तर फाईल शुक्रवारी बंद. मी आपला गाड्यांचे फोटो काढतो बाई. माणसं जे सांगतात ते लिहून घेतो."

दोन्हीकडून भिंतच होती. खरं लिहिलं तर घड्याळवाला थांबणार आणि मी भरत बसणार. खोटं लिहिलं तर माझी कोरी पाटी जाणार, पण घरात चहा रोजच्यासारखा होणार. मी पेन हातात घेतलं. आता सांगायला हरकत नाही, मी सही करणार होते. थकवा असतो एक, तो मोठ्या निर्णयांच्या वेळी फार समजूतदार होऊन येतो. एवढं निभावून नेलंय, हेही नेऊ, म्हणतो. "तारखेच्या पुढे छोटी सही," सर्व्हेअर म्हणाला, "आणि तिथेच वेळ आहे बघा, त्याच्यापुढे." मी तारीख पाहिली. काल मी ते ब्रेकचं वाक्य आणि पत्ता एवढंच वाचलं होतं. आता तारीख पाहिली, वेळ पाहिली, आणि टेबलावरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मंगळवार, सकाळी साडेअकरा.

दर मंगळवारी सकाळी दहा ते एक मी लायसन्स ऑफिसच्या चाचणीच्या मैदानावर असते. एकोणीस वर्षं. विद्यार्थ्यांना चाचणीसाठी घेऊन जाते, तिथल्या जाडजूड रजिस्टरमध्ये आत जाताना सही, बाहेर पडताना सही, वेळेसकट. उन्हात उभी राहते, पुटपुटते, नापास झालेल्यांना टपरीवर चहा पाजते. मंगळवारी माझा आवाज बसलेला असतो. मंगळवारी माझ्या चपलांना पांढरी फक्की लागलेली असते, आणि मी ती दारात झटकते. मंगळवारी मी रात्री जेवताना सांगते, कोण पास झालं, कोण खांबाला घासून गेलं, कोण परीक्षकाला 'काका' म्हणालं. एकोणीस वर्षांचे मंगळवार मी त्याच्या ताटासमोर ठेवले, आणि तो जेवता जेवता हं म्हणाला. इतका हुशार माणूस, शंभर कारणं लिहिणारा. खोटं रचताना माझं लायसन्स आहे, माझं मनगट आहे, मला भांबावणं शोभतं, हे सगळं त्याने जमेला धरलं. मी त्या वेळी कुठे असते, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. त्याने काही विसरून चूक केली नव्हती. ते त्याला कधी माहीतच नव्हतं.

"मी त्या वेळी चाचणीच्या मैदानावर होते," मी म्हटलं. "रजिस्टरमध्ये सही आहे." सर्व्हेअरने डब्यावर हात ठेवला. "कंपनी एवढं तपासत नाही, मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, त्याला मला वाचवायचं होतं, फक्त कशापासून ते त्याला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "कोरा फॉर्म द्या." त्याने दिला. चालकाच्या रकान्यात मी नवऱ्याचं नाव लिहिलं. लायसन्सपुढे 'मुदत संपलेली'. अपघाताच्या कारणापुढे लिहिलं, 'चालकाचे लक्ष फोनकडे होते.' माझं अक्षर चांगलं नाही, उतारावर सोडल्यासारखं जातं. शेवटी समासात लिहिलं, की जखमी माणसाला कंपनीने आधी द्यावं, माझ्याकडून हप्त्याने घ्यावं, माझी नोकरी चालू आहे. सर्व्हेअर ते वाचून म्हणाला, "समासात लिहिलेलं कोणी धरत नाही." "असू द्या," मी म्हटलं. मग त्याला विचारलं, घड्याळवाल्याकडे जाल तेव्हा त्याला एवढं सांगाल का, की रंग विसरून जा.

बाहेर आले तेव्हा तो बाकावरून उठला. "झालं?" "झालं." त्याने निःश्वास सोडला आणि माझी पर्स स्वतःच्या हातात घेतली, तो अशा वेळी घेतो. आम्ही बस स्टॉपकडे चालायला लागलो. त्याला सांगायचंच होतं, दोन मिनिटांनी सांगणारच होते, पण आधी मी म्हटलं, "एक विचारू? मंगळवारी सकाळी मी कुठे असते?" तो हसला. "हे काय आता?" "सांग ना." "स्कूलमध्ये." मग तो माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "बँकेत? बहिणीकडे जातेस, तिथे?" त्याची चाल हळू झाली. आता तो खरोखर आठवत होता, कपाळाला आठ्या घालून, आणि त्याचा रंग उतरत चालला होता, कारण त्याला कळलं होतं की हा प्रश्न कशाबद्दल आहे. "थांब, मला माहितेय," तो म्हणाला. "तू सांगितलंयस मला." बस येऊन समोर थांबली, माणसं चढली, बस गेली. तो एकेक जागा सांगत राहिला, बाजार, दवाखाना, त्या दातांच्या बाईंकडे, आणि मी त्याच्या शेजारी उभी राहून ऐकत होते. खरं सांगायचं तर मला अजूनही वाटत होतं, की त्याला ते आठवावं.